पागेत पाहण्यासारखे काही नाही

रस्ते विभागाचे पत्र शुक्रवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी जिल्हा माहिती कार्यालयात आले. पत्र दीड पानाचे होते आणि सोबत एका छापील पानाची झेरॉक्स जोडलेली होती. त्या पानावरच्या एका वाक्याखाली लाल रेघ मारली होती: ‘संस्थानकालीन पागेची पडझड झाली असून आता तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही.’

पान ‘जिल्ह्यातील प्रेक्षणीय ऐतिहासिक स्थळे’ या पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीतले होते, एकतिसावे. वाक्य फूटपट्टीचे होते.

कार्यालयात सगळे त्याला फूटपट्टीच म्हणत, तोंडावरही. हा जिल्हा म्हणजे पूर्वीचे एक लहानसे संस्थान. राजवाड्यात आता जमिनीच्या नोंदी ठेवतात, शस्त्रागारात वाचनालय आहे, राणीच्या हौदात मुलांना पोहायला शिकवतात. पुस्तिकेत अशा अडतीस जागांच्या नोंदी होत्या आणि त्यांतली प्रत्येक फूटपट्टीने स्वतः मोजलेली होती. राजवाड्याच्या खिडक्या एकशे चौदा की एकशे सोळा, एवढ्यासाठी तो भर उन्हात दोनदा चालत गेला होता आणि दुसऱ्या खेपेला त्याने पहारेकऱ्यालाही मोजायला लावले होते. एकशे पंधरा निघाल्या. एक नुसती रंगवलेली होती.

पत्रात म्हटले होते की, गावातला मुख्य रस्ता सरळ करण्यासाठी पागेची इमारत सोमवारी पाडण्यात येईल. जुनी पागा पूर्वीच पडली आहे, आज दिसते ते तिथे राहणाऱ्यांनी नंतर उभारलेले बांधकाम आहे, असे आपल्याच प्रकाशनावरून दिसते. सबब आपली हरकत नाही असे गृहीत धरले आहे. असल्यास आज सायंकाळी पाचपर्यंत पुराव्यासह कळवावी.

फूटपट्टीने पत्र दोनदा वाचले. पागेची एकही कमान पडलेली नव्हती. बावीसच्या बावीस उभ्या होत्या, आणि नऊ व दहा क्रमांकाच्या कमानींमागे त्याची सख्खी थोरली बहीण राहत होती.

तो उठला, लोखंडी कपाटापर्यंत गेला, परत येऊन बसला. समोरचा चहा निवला होता. पाच मिनिटांनी तो पुन्हा उठला आणि पुन्हा कपाटापर्यंतच गेला.

“काही शोधताय का?” शेजारच्या टेबलावरच्या कनिष्ठ सहायकाने विचारले.

“नाही. कुठं आहे ते माहीत आहे,” तो म्हणाला, आणि टोपी घेऊन बाहेर पडला.

नऊ वर्षांपूर्वी, तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी, त्याने लागोपाठ दोन रविवार घालून पागा मोजली होती. लांबी ऐंशी मीटर. घोडे बांधायच्या दगडी कड्या जागेवर, गव्हाणी जागेवर, जमिनीला मागच्या बाजूला दिलेला उतार तसाच. दर दोन कमानींत एक कुटुंब, अशी अकरा कुटुंबे तिथे राहत होती. सगळी राजाच्या मोतद्दारांची, म्हणजे घोडे राखणाऱ्यांची, नातवंडे-पतवंडे. ताई लग्न होऊन त्यांच्यातल्या एका घरात आली होती. भाऊ टेप धरून भिंतीला टेकलेला आणि ती दारात उभी, असे त्यांचे बोलणे झाले होते.

“हे सगळं छापणार?”

“छापायलाच मोजतोय.”

“मग काय होईल?”

“लोक बघायला येतील. पुरातत्त्ववाले पाटी लावतील.”

“आणि माझा नळ?”

“कसला नळ?”

“मला नळ आत घ्यायचाय. त्या भिंतीला भोक पाडावं लागेल. पाटी लागल्यावर पाडू देतील?”

“खिळासुद्धा ठोकू देणार नाहीत.”

“मग लिहू नकोस.”

“ताई, बांधली तशी उभी असलेली अख्ख्या जिल्ह्यातली ही एकच इमारत आहे.”

“ती आमच्यामुळं उभी आहे, तुझ्या पुस्तकामुळं नाही. दर दोन वर्षांनी चुना कोण लावतं? तुझे वाचक?”

नोंद गाळून टाकावी तर दुसऱ्या आवृत्तीत पागेचा ओझरता उल्लेख होता. कुणीतरी विचारले असते, ती कुठे गेली म्हणून. तेव्हा त्याने ते वाक्य लिहिले. लिहायला एक मिनिटही लागले नव्हते. महिन्याभरात ताईचा नळ आत आला.

आता तो पागेपाशी पोहोचला तेव्हा प्रत्येक खांबावर लाल रंगात आकडा घातलेला दिसला. कमानींच्या दारांना कुलपे होती, माणसे कामावर गेलेली. फक्त ताईचा दीर अकरा क्रमांकाच्या कमानीत खोकी बांधत बसला होता.

“या लेखक, या,” तो म्हणाला. “तुमच्या कृपेनं आम्ही नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चाललो. लिफ्ट आहे म्हणे.”

“नोटीस कधी आली?”

“मंगळवारी. वहिनींनी बजावलंय, भावाला कुणी सांगायचं नाही. मी तरी कुठं सांगितलं? तुम्हीच विचारलंत.”

“आणि तुम्हाला जायचंय?”

“मला जायचंय. गुडघे गेलेत माझे, या उताराच्या जमिनीवर खाट नीट उभी राहत नाही. घोड्यांसाठी बांधलंय हो हे, माणसांसाठी नाही. पण वहिनींचं विचाराल तर त्या हलणार नाहीत. परवा म्हणाल्या, भिंत पाडा, मी आतच आहे.” त्याने दोरीला गाठ मारली. “त्यांची समजूत तुम्ही घाला. आमचं त्या ऐकत नाहीत.”

ताई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. फूटपट्टी तिथे पोहोचला तेव्हा ती मोठ्या तापत्या रुळापुढे उभी राहून ओल्या चादरी आत सरकवत होती. पलीकडून दुसरी बाई त्या कडक, कोरड्या बाहेर घेत होती. यंत्राच्या घरघरीत अगदी जवळ गेल्याशिवाय बोलणे ऐकू येत नव्हते.

“तू इथं?” ताईने मान वर केली. “कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. पागा चाललीय.”

“मंगळवारपासून माहितीये मला.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगून काय करू? ते वाक्य तू माझ्यासाठी लिहिलंस. आता पुसून टाक म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? कोपरा धर तो, सुटतोय.”

त्याने चादरीचा कोपरा धरला. दोघांनी ती ताणून रुळावर लावली, आणि लगेच दुसरी.

“तुला काय हवंय ते सांग,” तो म्हणाला. “चौथा मजला नकोय ना?”

“मला माझ्या घरात राहायचंय. तीस वर्षं झाली मला तिथं.”

“खरं लिहिलं तर पाडणार नाहीत. पण मग पुरातत्त्ववाले येतील. उद्या ते म्हणतील, भिंती ठेवा, माणसं हलवा.”

“उद्या?”

“उद्या म्हणजे वर्षानं. पाच वर्षांनी. सांगता येत नाही.”

“आणि रस्तेवाले?”

“सोमवारी.”

“मग यात मोजायचं काय राहिलंय?”

त्याने पुढच्या चादरीचा कोपरा धरला. ताईने आणखी एक चादर सरकवली आणि मग हात थांबवून त्याच्याकडे पाहिले.

“नोकरी जाईल का तुझी?”

“नोकरी बहुतेक नाही जाणार.”

“नाव जाईल.”

“हं.”

“अजून किती वर्षं राहिलीत?”

“सव्वादोन.”

पलीकडची बाई ओरडली की रूळ रिकामा फिरतोय. ताईने चादर उचलली. “मी काही सांगणार नाही,” ती म्हणाली. “मागच्या वेळी सांगितलं आणि तू ऐकलंस. बघ काय झालं ते. या वेळी तुझं तू ठरव. आणि जा आता, मुकादम बघतोय.”

एक वाजून वीस मिनिटांनी तो मॅडमच्या दालनात होता. मॅडम जिल्हा माहिती अधिकारी होत्या, या जागेवर येऊन त्यांना दोन वर्षे झाली होती. त्या डबा उघडून बसल्या होत्या. त्याने वाटेत मनाशी जुळवलेला मसुदा पुढे ठेवला: ‘प्रत्यक्ष पुनर्पाहणीत पागेचा बहुतांश भाग मूळ स्वरूपात व सुस्थितीत असल्याचे आढळून आले आहे.’

मॅडमनी तो जेवता जेवता वाचला.

“पडलेली इमारत नऊ वर्षांत सुस्थितीत आली?”

“राहणाऱ्यांनी डागडुजी केली असेल.”

“असेल? तुम्ही ‘असेल’ कधीपासून म्हणायला लागलात?” त्यांनी डब्याचे झाकण लावले. “अहो, डागडुजी केली म्हणालात तर रस्तेवाल्यांचंच खरं ठरतं. नंतरचं बांधकाम. आणि ते पहिला प्रश्न काय विचारतील सांगू? तुमची बहीण तिथं राहते ना?”

“हो.”

“मग झालं. भाऊ बहिणीचं घर वाचवतोय. मी सही केली की मीही वाचवतेय. मला आज तयार केलेला कागद नकोय. पागा मूळचीच आहे असं दाखवणारं जुनं काही आहे? संस्थानच्या काळचा नकाशा वगैरे?”

“नकाशा होता. सहा वर्षांपूर्वी अभिलेख कक्षाचं छत गळलं, त्यात गेला.”

“मग?”

तो उभा राहिला, पुन्हा बसला. पुन्हा उभा राहिला.

“वही आहे,” तो म्हणाला.

हे त्याला सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांपासून माहीत होते. प्रत्येक आवृत्तीच्या मोजणीच्या वह्या त्याने कपाटाच्या खालच्या कप्प्यात तारखेवार लावून ठेवल्या होत्या. पागेची दोन पाने तिसऱ्या वहीत होती. तेव्हा नकाशा शाबूत होता आणि त्याने एकेक माप नकाशाशी ताडून पाहिले होते. डाव्या रकान्यात नकाशातले फुटांचे माप मीटरमध्ये करून, उजव्या रकान्यात प्रत्यक्षातले. पहिली कमान तीन मीटर दहा, तीन मीटर दहा. दुसरी तीन दहा, तीन दहा. बावीस ओळी, आणि कुठेही बोटभराचाही फरक नाही. प्रत्येक पानाखाली तारीख, त्याची सही आणि त्या वेळच्या अभिलेखपालाची सही. याहून चांगला पुरावा जिल्ह्यात कुणाकडे नव्हता.

अडचण शेवटच्या ओळीची होती. मोजणीच्या वहीचा नमुना त्यानेच ठरवलेला होता आणि त्यात शेवटी दोन रकाने होते: ‘निर्णय’ आणि ‘कारण’. पागेच्या पानावर निर्णयाखाली लिहिले होते, ‘पडझड झाल्याचे छापावे.’ कारणाखाली, तितक्याच स्वच्छ अक्षरात, ‘बहिणीची विनंती.’

मॅडमनी ते पान बराच वेळ पाहिले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे तुम्ही का लिहून ठेवलंत?”

“रकाना होता.”

“रिकामा सोडायचा.”

“रिकामा कधी सोडला नव्हता.”

मॅडम हसल्या नाहीत. “मी हे पान पाहिलेलं नाही असं धरू शकते,” त्या सावकाश म्हणाल्या. “वरची मापं हवी तर वेगळ्या कागदावर उतरवून द्या.”

“उतरवलेला कागद आजचा होतो. तुम्हाला आजचा नकोय.”

“आणि शेवटची ओळ झाकून झेरॉक्स काढली तर?”

“सह्या त्याच ओळीच्या खाली आहेत. झाकलं की झाकलेलं दिसतं. मग ते मूळ वही मागतील.”

“म्हणजे तुमचा या सगळ्याचा विचार करून झालाय.”

“सकाळपासून तेवढंच करतोय.”

त्याने तिथेच बसून निवेदन लिहिले. चार ओळींत संपले: तिसऱ्या आवृत्तीच्या पान एकतीसवरील मजकूर मी खोटा असल्याचे माहीत असताना दिला. पागा तेव्हाही मूळ स्वरूपात उभी होती व आजही आहे. सोबत मोजणीची मूळ वही जोडली आहे. त्या इमारतीत माझी बहीण राहते. मॅडमनी खाली सही केली आणि कागद परत देताना म्हणाल्या, “चौथी आवृत्ती आता तुमच्याकडे ठेवता येणार नाही मला. बाकीच्या सदतीस नोंदी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्याव्या लागतील.”

“सदतीसही बरोबर आहेत.”

“असतील,” मॅडम म्हणाल्या.

रस्ते विभागाचे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होते. अभियंता नकाशावर वाकून उभा होता, तरुण माणूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्याने निवेदन वाचले, वही चाळली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

“म्हणजे तुम्ही खोटं छापलंत.”

“हो.”

“सरकारी पुस्तिकेत.”

“हो.”

“आणि त्यावर विश्वास ठेवून आम्ही रस्ता आखला. आठ महिने काम केलंय आमच्या लोकांनी.” त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो वही जरा जोरात मिटून बोलत होता. “उरलेल्या पुस्तिकेत आणखी किती खोटं आहे?”

“एवढं एकच.”

“हे मी कशावरून मानू?”

“मानू नका. मोजा.”

अभियंत्याने त्याच्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे. चार पस्तीस झाले होते. “सोमवारचं काम थांबवतो,” तो म्हणाला. “रद्द करत नाही. थांबवतो. पुरातत्त्ववाल्यांनी मापं जुळतात म्हणून लिहून दिलं तर पुढचं बघू. नाही जुळली तर पुढच्या शुक्रवारी माझी माणसं तिथं असतील, आणि तुमच्यावर कारवाई करा म्हणून मी स्वतः लिहीन.”

“जुळतील.”

“बघू,” अभियंता म्हणाला आणि पोचपावतीवर शिक्का मारला.

सोमवारी फूटपट्टीला खुलासा मागणारे पत्र मिळाले आणि खुलासा देईपर्यंत रजेवर राहायला सांगण्यात आले. घरात त्याला एका जागी बसवेना. बायकोने दोनदा सांगितले की अहो, फेऱ्या मारायच्या तर बाहेर मारा, माझं डोकं फिरतंय. मंगळवारी कनिष्ठ सहायकाचा फोन आला. नोंदी तपासायचे काम आता त्याच्याकडे होते.

“राणीच्या हौदाच्या पायऱ्या तुम्ही बेचाळीस लिहिल्यात. मला त्रेचाळीस भरल्या.”

“वरचा ओटा धरलात तुम्ही. तो पायरी नाही.”

“तो पायरीसारखाच आहे.”

“रुंदी मोजलीत?”

“साहेब, राग मानू नका. पण तुमच्या सांगण्यावरून काही लिहायचं नाही असं मॅडमनी बजावलंय.”

फूटपट्टी त्याच दुपारी हौदावर गेला आणि पायऱ्या मोजून आला. बेचाळीस होत्या. हे कुणाला कळवायचे ते त्याला सुचले नाही. बुधवारी तो शस्त्रागाराची उंची बघून आला, गुरुवारी सकाळी पुलाच्या कमानी. सगळे जिथल्या तिथे होते.

गुरुवारी दुपारी पुरातत्त्व खात्याची दोन माणसे टेप आणि वहीची झेरॉक्स घेऊन पागेत आली. फूटपट्टीला तिथे जायची मनाई नव्हती, पण तो गेला नाही. रस्त्यापलीकडच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात दीड तास बसून राहिला. दुकानदाराने विचारले, पंक्चर कुठंय? त्याच्याकडे सायकलच नव्हती.

आदेश पुढच्या बुधवारी निघाला. बावीसही कमानींची मापे वहीतल्या मापांशी जुळली होती. पागा संरक्षित यादीत आली, रस्ता पुन्हा आखायचे ठरले. भिंती, दारे, जमीन यांत परवानगीशिवाय कसलाही बदल करायचा नव्हता. आतला नळ ‘नंतरची भर’ म्हणून नोंदवला गेला. अकरा कुटुंबांना पुढील आदेशापर्यंत राहता येणार होते. दिराने खोकी सोडली आणि फूटपट्टीशी बोलणे बंद केले. पुस्तिकेची चौथी आवृत्ती त्याच महिन्यात छापायला गेली. पान एकतीसवर पागेची नोंद आली, कनिष्ठ सहायकाने लिहिलेली, आणि संकलक म्हणून आत कुठेच कुणाचे नाव नव्हते.

ताईने त्याला आदेश वाचून दाखवायला बोलावले. तिला वाचता येत होते, पण सरकारी कागद तो वाचे, हा जुना रिवाज होता. त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला.

“पुढील आदेशापर्यंत म्हणजे किती?” तिने विचारले.

“त्याला माप नसतं.”

“तुझा अंदाज सांग.”

“मी अंदाज सांगत नाही.”

“आता सांग. आता कोण विचारतंय तुला?”

त्याने कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली. “दोन वर्षं,” तो म्हणाला. “पाचही होतील. कुणी विसरलंच तर दहा.”

“दोन आणि दहा यांच्यामध्ये आठ वर्षं आहेत.”

“हो.”

“बरं.” तिने कागद घेतला, चार घड्या घातल्या. “म्हणजे रोज कामावरून येताना कोपऱ्यावरून बघायचं, दारावर काही चिकटवलंय का.”

“ताई, मी नऊ वर्षांपूर्वीच—”

“नऊ वर्षांपूर्वी मला नळ हवा होता. तो मिळाला. आता तेच तेच उगाळू नकोस.” तिची पाळी दोनची होती. तिने पिशवी उचलली, चपला पायांत सरकवल्या आणि दारातून मागे वळून म्हणाली, “तू बस हवं तर. खाऊन जा काहीतरी, वाळलायस. आणि निघताना दार जोरात ओढू नकोस. बिजागरी खिळखिळी झालीय, आणि आता नवी बसवायला परवानगी काढावी लागेल.”

ती गेली. तो दहाएक मिनिटे बसला, मग उठून बाहेर आला आणि दार हळूच ओढून घेतले. ते नीट लागले नाही. त्याने ते थोडे उचलून पुन्हा ओढले. या वेळी लागले. रस्त्यापर्यंत जाऊन तो परत आला आणि हाताने ढकलून पाहिले.